पाहणे आणि जपणे



गेल्या हिवाळ्यात आम्हाला व्हॉट्सॲपवर एक लिंक आली. मुंबईच्या एका सिनेगॉगच्या सभागृहात १९८०च्या दशकात झालेल्या कीर्तनाची व्हिडिओ टेप कुणीतरी यूट्यूबवर चढवली होती. योसेफाचे आख्यान, साथीला पेटी-तबला, समोर बसलेली आपली वडीलधारी माणसे. दोन तास आम्ही जागचे हललो नाही. पेसाहला नातवंडे जमली तेव्हा तीच लिंक उघडली, तर व्हिडिओ उपलब्ध नसल्याची सूचना आली. चौकशी केली. चढवणाऱ्याने आपले खाते बंद केले होते, आणि मूळ टेप बुरशी लागली म्हणून आधीच टाकून दिली होती.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाचा विचार करतो आहोत. जुन्या चित्रफिती नुसत्या पाहायला द्याव्यात, की उतरवून घ्यायलाही द्याव्यात?

स्ट्रीमिंगमध्ये चित्र तुकड्यातुकड्याने फोनवर येते आणि पाहून झाले की निघून जाते. डाउनलोड केले की सबंध फाइल आपल्याजवळ राहते. मुंबईच्या चाळीत वाढलेल्यांना हा फरक समजावायला नको. नळाला पाणी असतानाच आपल्या आया हंडे भरून ठेवीत.

तरीही स्ट्रीमिंगला आम्ही नावे ठेवणार नाही. हिब्रू विद्यापीठाच्या स्पीलबर्ग ज्यू चित्रपट संग्रहातले शेकडो जुने चित्रपट आज घरबसल्या पाहता येतात, ते त्यामुळेच. दोन तासांची चांगली फाइल दोन-तीन गिगाबाइटची होते. दिमोना किंवा अश्दोदमधल्या आमच्या वयाच्या माणसाने ती जुन्या फोनवर कुठे साठवावी? लिंक दाबली की चित्र सुरू होते, हे आमच्यासाठी मोठेच सुख आहे.

पण तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्याची कथा आपल्याच समाजातल्या जोसेफ डेव्हिड पेणकरांच्या नाटकावरची. आज त्याची एकही प्रत मिळत नाही, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातही नाही. गर्दी करून पाहिलेला चित्रपटही प्रत जपली नाही तर जातो. मग आपल्या एकुलत्या एका टेपेची काय कथा?

अशा टेपा आपल्याकडे पुष्कळ आहेत. भारतात आणि इस्राएलमध्ये दोन्हीकडे पाल पद्धत असल्यामुळे मुंबईची टेप इथल्या व्हीसीआरवर सरळ चाले. अमेरिकेतल्या नातलगांकडे ती चालत नसे. म्हणून लग्ने, मेंदी, मलिदा, कीर्तने आपण हौसेने बरोबर आणली आणि ती अजून कपाटांत पडून आहेत.

डाउनलोडचेही दोष आहेत, ते लपवू नयेत. एकदा फाइल हातात आली की लोक तिची कापाकापी करतात. पूर्वरंग गळतो, आख्यान अर्धवट राहते आणि दोन मिनिटांचे गाणे तेवढे फिरते. व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवताना चित्र धूसर होत जाते. कोण गाते आहे, कुठले गाव, कुठले साल, हे तर कुणीच लिहीत नाही. आणि एखाद्या घरच्या मेंदीत नाचणाऱ्या बायकांनी जगभर फिरायला होकार कधी दिला होता?

म्हणून आमचे मत असे. दुसऱ्याच्या हक्काचा चित्रपट जिथे दाखवला जातो तिथेच पाहावा. आपल्या घरच्या टेपेसाठी आधी त्या कुटुंबाची परवानगी घ्यावी. सर्वांना पाहण्यासाठी लिंक द्यावी, पण पूर्ण फाइल निदान तीन ठिकाणी ठेवावी: आपल्या घरी, दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे आणि एखाद्या संग्रहात. सोबत नावांचा कागद मराठीत आणि हिब्रूत जोडावा. आमची नातवंडे मराठी ऐकतात, वाचत नाहीत.

तो कागद आधी लिहावा, अशी आमची विनंती आहे. टेपेची फाइल पुढच्या वर्षीही करून मिळेल, पण पहिल्या रांगेत कोण बसले आहे हे सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.