पेटता नळ आणि न पेटलेला प्रश्न

जॉश फॉक्स यांचा ‘गॅसलँड’ (२०१०) हा माहितीपट पाहिलेल्यांना एक दृश्य हमखास आठवते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या एका घरात नळाजवळ ज्वाला नेताच भडका उडतो. अर्थात पेटते ते पाणी नव्हे, पाण्यातून सुटणारा मिथेन. तो आला कोठून?

खोलवर उष्णतेने तयार झालेल्या मिथेनमध्ये कार्बन-१३ तुलनेने अधिक असतो आणि सोबत इथेन, प्रोपेनही आढळतात. जीवाणूजन्य मिथेन हलका, बहुधा एकटाच. राज्याच्या तेल-वायू आयोगाने तपासले तेव्हा चित्रपटातील तीन विहिरींपैकी दोहोंतला वायू जीवाणूजन्य निघाला. त्याचा तेल-वायू उत्खननाशी संबंध नव्हता. पेटता नळ या दोहोंपैकीच एकीचा! तिसरीत मात्र दोन्ही प्रकारांचे मिश्रण होते. समस्थानिके शिकवायला इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळते. फॉक्स यांनी ते दवडले.

याची किंमत मोठी आहे. खडक फोडून तेल-वायू काढण्यासाठी पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने जमिनीत सोडतात. २००५ च्या ऊर्जा कायद्याने, डिझेलचा अपवाद वगळता, या प्रक्रियेला केंद्रीय पेयजल-सुरक्षा कायद्याच्या भूमिगत विसर्जनाच्या नियमांतून वगळले. चित्रपट हे सांगतो; पण भडक्यापुढे ते ऐकू येत नाही. उद्योगांच्या प्रचारकांनाही तोच भडका सोयीचा ठरला: दृश्य फसवे, म्हणून सारा चित्रपट खोटा! २००५ ची सूट अजून कायम आहे.