दिव्यातले दव आणि ‘नॉर्मल’ वाङ्मय

मराठीत समीक्षेवाचून काही राहिले आहे असे मला वाटत नाही. कवितेची झाली, कादंबरीची झाली, समीक्षेचीही समीक्षा झाली. पण एक ग्रंथ मात्र टीकाकारांच्या तावडीतून आजवर सुटला आहे. छपाई सुबक, बांधणी भक्कम, चित्रे भरपूर, आणि सहसा कोणी वाचलेला नाही. एवढे गुण अंगी असताना त्याला एकही पुरस्कार मिळू नये याचे नवल वाटते. गाडीबरोबर फुकट येणारे आणि पुढच्या खणात पीयूसीच्या जुन्या कागदांखाली आयुष्य काढणारे ओनर्स मॅन्युअल, हा तो ग्रंथ.

या ग्रंथाची साद्यंत समीक्षा करण्याचा माझा इरादा नाही. टायर बदलण्याचे प्रकरण वीररसाचे आहे, ते मी तरुण टीकाकारांवर सोडतो. मला बोलायचे आहे ते एकाच परिच्छेदाबद्दल. दिव्यांच्या प्रकरणात कोपऱ्यात बसलेला, तीनचार वाक्यांचा हा परिच्छेद. गाडी कोणत्याही कंपनीची असो, शब्दांच्या थोड्याफार फरकाने तो बहुतेक मॅन्युअलांत सापडतो. ओव्यांप्रमाणे याचाही कर्ता अज्ञात आहे. मतितार्थ असा: पावसात किंवा गाडी धुतल्यावर बाहेरच्या दिव्यांच्या काचेवर आतून धुके धरू शकते. हा बिघाड नव्हे. दिवा लावला की ते जाते. मात्र आत मोठे थेंब किंवा पाणी साचले, तर विक्रेत्याला भेटा.

आता मी हा परिच्छेद वाचायला का बसलो, हे सांगायला हवे. जुलैचा महिना होता. आमच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही दिव्यांवर आतून पांढुरकी साय धरली होती. सौ. म्हणाली, “अहो, हिला मोतीबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांना!” मागच्या डाव्या दिव्याची गोष्ट आणखी पुढे गेली होती. त्यात बोटभर पाणी होते, आणि गाडी वळली की ते हिंदकळायचे. दोन गप्पी मासे सोडले असते तर नगरपालिकेने माझा सत्कार केला असता. मी गाडी सर्व्हिसिंगला नेली. तिथल्या टायवाल्या मुलाने पुढचे दिवे पाहिले आणि म्हणाला, “सर, ते नॉर्मल आहे.”

“आणि मागचं?”

त्याने वाकून पाहिले. पाणी त्याच्याकडे पाहून हिंदकळले. “तेही नॉर्मलच म्हणायचं, सर. पावसाळा आहे ना!”

‘नॉर्मल’ हा एकच शब्द दव आणि डबके या दोन्हींना पुरतो हे पाहून मी मूळ ग्रंथाकडे वळलो. तिथे मला कळले की मुलगा अर्धा बरोबर होता.

टीकाकाराने आधी गुण सांगावेत असा शिष्टाचार आहे. तर परिच्छेदाचा गुण असा की त्यातले शास्त्र खरे आहे. आपल्याला वाटते, हेडलाइट म्हणजे लोणच्याची घट्ट बरणी. तसे नाही. दिव्याला श्वास घ्यावा लागतो. दिवा पेटला की आतली हवा तापते, फुगते आणि बाहेर पडायला बघते. विझला की हवा आक्रसते आणि दिवा बाहेरची हवा आत ओढतो. त्याचे नाकतोंड बंद केले तर ताण जोडावर येईल. म्हणून पाठीमागे छोटी छिद्रे ठेवतात. काहींवर रबराची वाकडी नळी असते, तर काहींवर हवा आणि वाफ जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पातळ पडदा. आता पावसाळ्यात श्वास घ्यायचा म्हणजे ओलीच हवा आत येणार. पुढची काच पावसाने गार पडलेली. ओल्या हवेला गार जागा भेटली की तिथे दव धरणारच. चष्मा लावून गरम चहाचा पहिला घोट घेणाऱ्या कोणालाही हे वेगळे शिकवायला नको.

इथपर्यंत ग्रंथकाराला माझे पूर्ण गुण. आता दोष.

पहिला दोष शिळेपणाचा. “दिवा लावला की जाते” हे वाक्य हॅलोजनच्या जमान्यात शोभत होते. तो पंचावन्न-साठ वॅटचा बल्ब म्हणजे नावाला दिवा, कामाला शेगडी. विजेचा बराचसा भाग उष्णतेतच जायचा आणि समोरची काच शेकून निघायची. आताचा एलईडी मितव्ययी आहे. तोही तापतो, पण पाठीकडून. ती उष्णता मागच्या धातूच्या पात्यांतून काढून देतात, आणि पुढची काच थंडच्या थंड. म्हणून नव्या महागड्या दिव्यात दव जास्त वेळ मुक्काम करू शकते. काही कारखानदार यासाठी काचेला आतून लेप देतात, काही आत पंखाही बसवतात. ज्या दिव्यात हे काही नाही, त्याच्या मॅन्युअलात मात्र जुनेच वाक्य नव्या आवृत्तीत छापलेले असते. पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना दहाव्या आवृत्तीला जोडण्याची खोड फक्त आमच्या प्रकाशकांनाच आहे असे मी समजत होतो.

दुसरा दोष इतिहासाचा विसर. अमेरिकेत 1940 पासून सीलबंद गोल दिवे आले. काच, आरसा, तार सगळे एकजीव. पाण्याला शिरकावच नाही, पण तार तुटली की अख्खा दिवा फेकायचा. आपल्याकडे अँबॅसडरचे आणि पद्मिनीचे दिवेही गोल होते. कडी काढली, चार स्क्रू सोडवले की दिवा हातात. काच फुटली, दुसरी बसवा. आता दिव्याला गाडीच्या नाकाडोळ्यांप्रमाणे घडवतात. काचेच्या जागी पॉलीकार्बोनेटचे प्लॅस्टिक आले, आणि ते मागच्या खोक्याला चिकटवून टाकलेले असते. त्यामुळे रूप आले, वजन घटले, हे मान्य. पण जोडात केसाएवढी फट पडली की उपाय म्हणून उच्चारला जाणारा शब्द एकच: “बदला.” ‘विक्रेत्याला भेटा’ या साध्या वाटणाऱ्या वाक्यात केवढे कारुण्य भरले आहे, ते बिल हातात पडल्यावरच कळते.

तिसरा दोष सगळ्यांत मोठा, संदिग्धतेचा. कवितेत संदिग्धता हा गुण असेल, ब्रेकलाइटात नाही. धुके कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, ही सीमारेषा ग्रंथकाराने कोरी सोडली आहे, आणि त्या कोऱ्या जागेवर ‘नॉर्मल’ या शब्दाने बिनभाड्याने बिऱ्हाड थाटले आहे. म्हणून ती रेषा मीच आखतो. दोन्ही बाजूंना साधारण सारखे, बारीक, न ओघळणारे धुके असेल आणि कोरड्या हवेत, गाडी फिरवल्यावर ते ओसरत असेल, तर ते दव. खुशाल नॉर्मल म्हणा. पण एकाच दिव्यात असेल, थेंब ओघळत असतील, तळाशी पाण्याची रेघ दिसत असेल, किंवा कोरड्या दिवसांतही हटत नसेल, तर ती गळती. मग बल्बमागचे रबरी टोपण नीट बसले आहे का, श्वासाची नळी निखळली किंवा चिखलाने बुजली आहे का, काचेला तडा आहे का, मागच्या दिव्याचे गॅस्केट दबून फाटले आहे का, हे बघायचे.

ग्रंथकार गप्प बसला की लोकवाङ्मय बोलू लागते. आमच्या साडूंनी केस वाळवायचे यंत्र दिव्यासमोर धरले. पाणी गेले नाही, प्लॅस्टिक मात्र मऊ पडू लागले. शेजारच्या काकांनी बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या दिव्यात टाकल्या. चार दिवसांत पुड्या भिजून तृप्त झाल्या आणि गळती चालूच राहिली. एका मित्राने ड्रिलने तळाला भोक पाडले, “पाण्याला जायला वाट.” वाट दुतर्फा असते हे पुढच्या पावसाने त्याला दाखवले. आणखी एकाने सगळ्या फटी आणि श्वासाची छिद्रेसुद्धा सिलिकॉनने लिंपली. सर्दी झाली म्हणून नाकच शिवण्यातला हा प्रकार.

माझ्या मागच्या दिव्याला शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने हात लावला. तो मॅन्युअल वाचत नाही, त्यामुळे त्याचे विचार स्वच्छ आहेत. “काका, पाणी काढणं सोपं आहे. आधी ते कुठनं येतंय ते बघा.” डिकीतून दोन नट काढून त्याने दिवा हातात घेतला. गॅस्केट एका कोपऱ्यात दुमडले होते. दिवा उन्हात वाळवला, नवे रबर बसवले. मग त्याने बल्बचा होल्डर माझ्यापुढे धरला. पत्र्यावर हिरवट बुरशीसारखा थर होता. “हा ब्रेकचा. लागत नव्हता. किती दिवस, कुणास ठाऊक!”

इथे माझे हसू थांबले. पुढचा दिवा धुकटला तर निदान आपल्याला कमी दिसते म्हणून आपण कुरकुर करतो. त्या विखुरलेल्या उजेडाने समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. पण आपला ब्रेकलाइट गाडी चालवताना आपल्याला कधीच दिसत नाही. तो संपूर्णपणे दुसऱ्यासाठी असतो. वरंधा घाटात, धो धो पावसात, अंधारात, आपल्यामागे कोणी एक अनोळखी माणूस त्या तांबड्या ठिपक्यावर भरवसा ठेवून येत असतो. कदाचित मागे मुले झोपलेली असतात. त्याच्या गाडीतल्या खणातही तेच मॅन्युअल असते, पण त्याचा त्याला काय उपयोग? ‘नॉर्मल’ म्हणणारा टेबलाशी, ऐकणारा मी पुढे, आणि त्या शब्दाची किंमत मोजणारा मागे.

तेव्हा या परिच्छेदाबद्दल माझे अंतिम मत असे: आशय सत्य, पण अर्धा, शैली सौम्य, पण गरजेपेक्षा जास्त. पुढच्या आवृत्तीत दोनच वाक्ये वाढवावीत. दव आपोआप जाते, पाणी जात नाही, आणि दोघांना एकच नाव देऊ नये. दुसरे, महिन्यातून एकदा, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, घरातल्या कोणालातरी गाडीमागे उभे करून ब्रेक दाबावा आणि विचारावे, “दोन्ही लागले का?”

ती आवृत्ती निघेपर्यंत वाचकांनी ही वाक्ये आपापल्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावीत. ग्रंथ अजून कोराच आहे, जागा भरपूर आहे.