सातव्या माणसाचे मत

जॉन बर्जर यांचे ‘अ सेव्हन्थ मॅन’ हे पुस्तक १९७५ साली निघाले. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये अंगमेहनत करणाऱ्या दर सात मजुरांतील एक परदेशातून आलेला होता. तोच हा सातवा माणूस. १९७२ साली मिळालेल्या बुकर पारितोषिकाची अर्धी रक्कम बर्जर यांनी ब्रिटनमधील ब्लॅक पँथरला दिली, उरलेली या कामासाठी ठेवली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्यामुळे हे पुस्तक मला परके वाटलेच नाही.

जाँ मोर यांनी टिपलेली इस्तंबूलमधील वैद्यकीय तपासणीची छायाचित्रे पाहावीत. जर्मन कारखान्यांसाठी माणसे पारखली जात आहेत, जशी बाजारात गुरे पारखतात. बर्जर हे कीव न करता मांडतात, हे पुस्तकाचे मोठेपण.

माझी तक्रार पुढची आहे. हा माणूस शहर बांधतो, रस्ते झाडतो, कर भरतो. त्या शहराच्या नगरपालिकेत त्याच्या वतीने कोण बोलतो? पुस्तकाला त्याचे राबणारे शरीर दिसते, एकाकीपण दिसते. हा प्रश्न मात्र केंद्रस्थानी येत नाही.

स्वीडनने त्याच काळात उत्तर दिले. तीन वर्षे राहिलेल्या परदेशी रहिवाशाला १९७६ च्या स्थानिक निवडणुकीत मत देता आले, उभेही राहता आले. पश्चिम जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हॅम्बुर्ग या राज्यांनी १९८९ साली मर्यादित मताधिकाराचे कायदे केले. घटना न्यायालयाने १९९० साली ते रद्द ठरविले. पुढे १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने युरोपीय संघाच्या नागरिकांना स्थानिक मताधिकार मिळाला. इटालियन मजूर आत गेला. जर्मन नागरिकत्व न घेतलेला तुर्की मजूर बाहेरच राहिला. त्याच्या वाट्याला परदेशीयांची सल्लागार मंडळे आली. तेथे त्याचे मत ऐकून घेतात, मोजत नाहीत.

‘नागरिक व्हा, मग मत मागा’ असे त्याला सांगतात. कर घेताना ही अट कोणी घालत नाही.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की नुसत्या विचारांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, माणसांचे प्रत्यक्ष प्रतिनिधित्व हवे. गावकुसाबाहेर राहून गावकी राबलेल्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी बर्जर जरूर वाचावेत. पण वाचताना हा प्रश्न सोबत ठेवावा.