पाकिटावर ब्लूबेरी, कपात चिंच

विजापूर रोडला माझ्या एका मित्राच्या घरची लूमची शेड आहे. टॉवेलचे निम्मे माग बंद पडले. रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात त्याने मागच्या वर्षी एक किलोचं कॉफी भाजायचं मशीन आणून बसवलं. चिकमगळूरहून हिरवं बी मागवतो, रविवारी भाजतो आणि ओळखीतल्या तीस-चाळीस जणांना विकतो. आता त्याला नीट पाकीट काढायचंय. "तू लिहितेस ना काहीतरी, मग चार ओळी लिहून दे," म्हणाला. अभ्यासाला म्हणून त्याने मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूरच्या रोस्टरांची रिकामी पाकिटं माझ्यासमोर ओतली. अकरा होती. दोन अजून वास धरून होती.

ती मी वाचत बसले, कवितांचं पुस्तक वाचावं तशी. पाकीट हाही मजकूरच आहे. कोणीतरी विचार करून लिहिलेला, कोणाला तरी उद्देशून.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं बरंच आहे. इस्टेटचं नाव, जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचा वाण, फळ धुऊन वाळवलं की तसंच उन्हात टाकलं, आणि भाजल्याची तारीख. या शेवटच्या ओळीसाठी मी यांचे शंभर अपराध माफ करेन. इन्स्टंटच्या बरणीवर आपण आयुष्यभर 'अमुक तारखेपूर्वी वापरा' एवढंच वाचत आलो. बी कधी भाजलं हे कोणी सांगायचं नाही आणि आपणही विचारायचो नाही. भाजल्यावर काही आठवड्यांतच वास उडायला लागतो, हे मला तिशी जवळ आल्यावर कळलं.

इस्टेटचं नाव पाकिटावर येणं तर आपल्याकडे जवळजवळ अशक्यच होतं. १९४० च्या दशकापासून मळेवाल्याला आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या 'पूल'मध्ये द्यावी लागायची. सगळ्यांचं बी एका ढिगात, मग लिलाव. कोणाचं चांगलं, कोणाचं सुमार, हे ढिगात बुडून जायचं. हे बंधन टप्प्याटप्प्याने सुटलं आणि १९९६ पर्यंत संपलं. त्यानंतर मळ्याला नाव मिळालं. एका पाकिटावर 'रत्नागिरी इस्टेट' वाचून मी क्षणभर हापूसच्या गावी पोचले होते. ही रत्नागिरी बाबाबुडनगिरीच्या डोंगरातली निघाली. असो.

मुंबईत कॉफी भाजून विकणं मात्र नवं नाही. पोल्सनला मराठीने लोण्यासाठी लक्षात ठेवलं, इतकं की 'पोल्सन लावणं' हा वाक्प्रचारच झाला. पण पेस्टनजी एदलजी दलाल यांचा धंदा सुरू झाला तो कॉफी भाजून-दळून विकण्यातून. चिकोरी मिसळलेल्या त्या कॉफीला नाव दिलं होतं 'फ्रेंच कॉफी'. म्हणजे पाकिटावर परदेशी अत्तर शिंपडायची सवय जुनीच.

आणि इथेच ही अकरा पाकिटं मला अडवतात. इस्टेट, उंची, तारीख ही माहिती झाली की खाली मोठ्या अक्षरांत चव येते. ब्लूबेरी. बर्गमॉट. स्टोन फ्रूट. मेपल सिरप. अकरा पाकिटांत मिळून चौतीस चवी मोजल्या. त्यातल्या नऊ मी कधीतरी खाल्ल्यात. माझी आई चार. बर्गमॉट काय असतं ते मी गुगलवर पाहिलं. लिंबूवर्गीय फळ आहे. सोलापूरच्या बाजारात मिळत नाही, आणि माझा अंदाज आहे की पाकीट लिहिणाऱ्यानेही ते हातात धरलेलं नसावं.

मग हे शब्द आले कुठून? अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफीवाल्यांच्या संघटनेने १९९५ मध्ये चवींचं एक रंगीत चक्र काढलं. २०१६ मध्ये ते नव्याने केलं, वर्ल्ड कॉफी रिसर्च या संस्थेच्या कोशाच्या आधारे. तो कोश कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या चवतज्ज्ञांना घेऊन तयार झाला. त्यात वास, चव आणि पोत मिळून ११० गुणधर्म आहेत आणि त्यांना नमुने नेमून दिलेत. ब्लूबेरी म्हणजे अमुक कंपनीच्या डब्यातली ब्लूबेरी, म्हणजे जगात कुठेही बसलेल्या दोन परीक्षकांचं एकमत व्हावं. नमुने बहुतेक अमेरिकेतल्या सुपरमार्केटात मिळणारे.

प्रयोगशाळेचं साधन म्हणून यात काही चूक नाही. शंभरपैकी ऐंशीच्या वर गुण मिळाले तरच 'स्पेशालिटी', असं ठरवायचं तर सर्वांची फूटपट्टी एक हवी. पण आपल्याकडे फूटपट्टीच पाकिटावर छापली जाते. कर्नाटकातलं बी, वांद्र्यात भाजणी, कुरिअरने पुन्हा कर्नाटकाच्या सीमेवरच्या सोलापुरात, आणि चव मात्र कॅन्ससच्या दुकानातली. ती मला लागली नाही की मी पाकिटाला दोष देत नाही, स्वतःच्या जिभेला देते. माझी खरी तक्रार ही आहे. मुंबईतल्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने मला प्रेमाने विचारलं होतं, काय नोट्स लागतायत? मला चिंच लागत होती. मी 'सिट्रस' म्हणाले. तो खूश झाला.

पाण्याचीही गोष्ट आहे, पाकिटं तिच्याबद्दल बहुधा गप्प असतात. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधले दिवस बोअर आणि जार. बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार कॉफीतल्या आंबटपणाला मारून टाकतात, मग सगळी लिंबं-संत्री गायब आणि उरतो खडूसारखा सपाटपणा. जारचं आरओचं पाणी उलट, क्षार जवळजवळ नाहीतच, म्हणून तेच बी टोकदार आंबट लागतं. एकाच पाकिटाची दोन पाण्यांत दोन भाषांतरं. चव पाकिटात असते असं लिहिणाऱ्याने हे एकदा सोलापुरात येऊन करून पाहावं.

माटुंग्यात पूडवाल्यांकडे, मैसूर कन्सर्न्ससारख्या जुन्या दुकानात, चवीचं नाव कोणी घेत नाही. विचारतात पीबी की प्लांटेशन, चिकोरी किती टक्के, दळण फिल्टरचं का. डोळ्यांसमोर दळतात, गरम पुडी हातात. म्हणून ते अस्सल आणि वांद्र्याचं नकली, असं मात्र मी म्हणणार नाही. पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोन ऐवजी एकच गोल दाणा, हे मला माहीत नव्हतं. मागची रांग उसासे टाकत होती. तीही बंद भाषाच आहे, फक्त तमिळ घरांत ती आईच्या दुधाबरोबर मिळते. गंमत म्हणजे 'चेरी' हा शब्द दोन्हीकडे आहे. व्यापारात चेरी म्हणजे फळासकट वाळवलेलं बी, पाकिटावर चेरी म्हणजे केकवरची.

२०२० मध्ये वांद्र्यात सुरू झालेल्या सबकोचं नाव मला या सगळ्यांत हुशार वाटतं. त्यात उपखंडही आहे आणि 'सबको'ही. पाव किलोला ₹५०० च्या पुढे जाणारं पाकीट सबको कसं परवडेल, हा टोमणा सोपा आहे. हाताने वेचलेलं, निवडलेलं बी महागच असणार आणि असावं. मला अवघड वाटतो तो दुसरा प्रश्न. माझ्यासमोरच्या पाकिटांवर उंची मीटरमध्ये असते, मळेमालकाचं नाव असतं, कधी त्याच्या आजोबांचंही. वेचणाऱ्यांबद्दल एक ओळ नसते. कोडगूच्या मळ्यांत आज आसामपासूनची माणसं राबतात. 'पारदर्शक' हा शब्द अकरापैकी सहा पाकिटांवर आहे. मजुरीचा आकडा एकावरही नाही.

मग मी लिहायला बसले. भाजण्याबद्दल मराठीत काय आहे ते आधी काढलं, आणि एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीत भाजणी रंगाने मोजतात: लाइट, मीडियम, डार्क. मराठीत वासाने: कच्चट, खमंग, खरपूस, करपट, जळकट. थालीपिठाची भाजणी करणारी बाई रंग बघत नाही, नाकाने थांबते. मित्रही मशीनजवळ तसाच उभा असतो, लाह्यांसारखा पहिला तडतडाट झाला की नाक पुढे. त्याच्या मशीनला लागणारी भाषा घरात होतीच.

पहिला खर्डा वाईट झाला. त्यात आजी होती, तांब्याचं भांडं होतं, जायफळाची कॉफी होती, पहाटेचा चुलीचा धूर होता. मित्राने वाचला आणि म्हणाला, "अगं, तुझी आजी चहा प्यायची." खरं आहे. आमच्याकडे जायफळाची कॉफी पाहुण्यांना, बरणीतली इन्स्टंट घालून. ब्लूबेरी उसनी म्हणून नाकारायची आणि आजी उसनी आणायची, हे बरं नव्हे. तेही पोल्सनच.

दुसऱ्या वेळी आम्ही सहा जणांना शेडमध्ये बसवलं, त्यात आई आणि मागावरचे एक काका. काळी कॉफी, साखर नाही, कोणी काही सुचवायचं नाही. काकांनी तोंड वाकडं केलं, म्हणाले औषध आहे. गार झाल्यावर पुन्हा घेतली, म्हणाले काकवी. आई म्हणाली पंढरपूरकडचा काळा बेदाणा, आणि मागून चिंच. तिघांनी हुरडा म्हटलं, तेही एकमेकांचं न ऐकता. ब्लूबेरी कोणालाच लागली नाही.

आता मजकूर असा आहे. मळ्याचं नाव, उंची, वाण, भाजल्याची तारीख. मग: 'खमंगच्या पुढे, खरपूसच्या अलीकडे. हुरडा, काकवी, शेवटी आंबूस. गार होऊ द्या, मग प्या. जारच्या पाण्यात जास्त आंबट लागेल.' वेचणाऱ्यांच्या मजुरीचा आकडा मळेवाल्याकडे मागितलाय, उत्तर आलेलं नाही. ती ओळ कोरी सोडायची की काढायची, ते ठरायचंय.

भांडण एका शब्दावर अडलंय. इंग्रजी पाकिटांवर 'ब्राइट ॲसिडिटी' ही शाबासकी असते. इथे 'ॲसिडिटी' छापलं तर गिऱ्हाईक शेजारच्या मेडिकलमध्ये जाईल. मित्र म्हणतो 'आंबूस'ही नको, आंबूस म्हणजे विटलेलं दूध. मी म्हणते चिंच लिही. तो म्हणतो चिंच वाचून कॉफी कोण घेणार. स्टिकरवाल्याला मंगळवारपर्यंत मजकूर हवाय.