खेळातले यान आणि त्यावरील माणसे

विज्ञानकथेने कितपत खरे असावे, हा प्रश्न कोल्हापूरकरांना नवा नाही. याच नगरीत १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला शास्त्राची शिस्त लावली. खेळाच्या बाबतीत हा प्रश्न आमच्यापुढे आला तो सुटीत. धर्मग्रामातील काही तरुणांना ‘ट्रॅव्हलर’ हा अमेरिकन खेळ खेळताना आम्ही पाहिले आणि कुतूहलाने त्याचे नियम वाचून काढले.

मार्क मिलर यांचा हा खेळ १९७७ साली प्रसिद्ध झाला. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार होतो. इतर जण अंतराळातील व्यापारी यानाचे चालक, यंत्रज्ञ, वैद्य अशा भूमिका घेतात. प्रसंग बोलून रंगवायचे आणि शंका आली तेथे फासे टाकायचे.

यान बहुधा कर्जाचे असते. दोनशे टनी साध्या यानाची किंमत ३,७०,८०,००० क्रेडिट. महिन्याचा हप्ता १,५४,५०० आणि असे हप्ते ४८०, म्हणजे चाळीस वर्षांचे! ज्या घरात कर्जाचा हप्ता जातो, तेथे या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. हप्ता चुकण्याच्या धास्तीने खलाशी नको तो माल उचलतात आणि कथा सुरू होते. मोहाचा उगम पुष्कळदा लोभात नसून काळजीत असतो, हे मर्म लेखकाने अचूक पकडले आहे.

मात्र एका उड्डाणाचे मालभाडे टनामागे १,००० क्रेडिट, मग मुक्काम जवळचा असो वा दूरचा. शाहूपुरीतील गुळाचा व्यापारी हे ऐकून हसेल! म्हणून काही चोखंदळ खेळाडू स्वतःची दरपत्रके रचतात. पण मग खेळ बाजूला राहतो आणि खतावणी तेवढी उरते. आमच्या मते हा खोटेपणा क्षम्य आहे.

खरेपणा कोठे हवा, हे संत लूककडून शिकावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात आलेक्सांद्रियाचे गहू वाहणारे तारू वादळात सापडते. लूक तारवावरील माणसे २७६ सांगतो. पाण्याची खोली आधी वीस वाव, मग पंधरा वाव, हेही सांगतो. गव्हाचा भाव मात्र सांगत नाही. जेथे माणसाचा जीव टांगणीला लागतो, तेथेच तो मोजमाप देतो.

या कसोटीवर खेळ उणा पडतो. प्रत्येक उड्डाणाला आठवडा लागतो, पण आम्ही पाहिले तेव्हा तो ‘आठवडा गेला’ एवढ्या दोन शब्दांत संपला. घरी वाट पाहणारे कोणी नव्हतेच. वसई-गोव्याकडील ज्या ख्रिस्ती घरांतले पुरुष जहाजावर जातात, त्यांना ही उणीव तत्काळ जाणवेल. २०२० च्या महामारीत जगभरचे सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. खलाश्याच्या जीवनातील सर्वांत खरी गोष्ट भाडे नव्हे, ताटातूट होय.

हा खेळ तरुणांनी अवश्य खेळावा. सूत्रधाराने फक्त प्रत्येक उड्डाणापूर्वी एक प्रश्न विचारावा : “मागे घरी कोण आहे?” त्यासाठी नवा नियम लागत नाही, हिशोबही वाढत नाही, यानावर मात्र माणसे येतात. आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी खलाश्यांसाठी प्रार्थना होईल, तेव्हा ती ओठांवरची राहणार नाही.