एका हाताची टाळी

नाटक गाजले म्हणजे नाव होते नाटककाराचे. ते परभाषेत नेणाऱ्याची आठवण बहुधा त्याची चूक सापडली म्हणजेच निघते! बर्नार्ड शॉने आपला जर्मन अनुवादक झीगफ्रीड ट्रेबिच ह्याला लिहिलेली पत्रे वाचताना हा विचार वारंवार मनात येतो. १९८६ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

व्हिएन्नाचा हा तरुण लेखक शतकाच्या आरंभी शॉकडे गेला, तेव्हा खुद्द लंडनच्या रंगभूमीवर शॉचा जम बसलेला नव्हता. १९०३ साली ट्रेबिचने त्याची तीन नाटके जर्मनमध्ये छापली आणि टीकाकार तुटून पडले. ह्याला इंग्रजी येत नाही, असा आरोप झाला. आरोप अगदीच खोटाही नव्हता. पण शॉने चारचौघांत आपल्या माणसाची बाजू घेतली आणि खाजगी पत्रांत मात्र एकेक चूक दाखवून त्याची शिकवणी घेतली. शाळामास्तराची छडी आणि थोरल्या भावाची माया ह्या पत्रांत एकत्र नांदते. गंमत अशी, की छडी उगारणाऱ्या मास्तरांचे स्वतःचे जर्मन बेताचेच होते!

श्रमांचे चीज झाले. ‘पिग्मॅलियन’चा पहिला प्रयोग १९१३ साली व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरात जर्मनमध्ये झाला, लंडनला तो १९१४ मध्ये पाहायला मिळाला. ज्या नाटकाचा प्राणच इंग्रजी उच्चारांत, ते आधी परभाषेत बोलले! आपल्याकडे १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी त्याचीच ‘ती फुलराणी’ केली. तिची मंजुळा ऐकताना मूळ इंग्रजीची आठवणही होत नाही. अनुवादकाचे इमान शब्दाशी असावे की बोलीच्या जिवंतपणाशी, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

खुद्द शॉने त्याचे उत्तर काय दिले? त्याने ट्रेबिचच्या एका नाटकाचे इंग्रजी रूपांतर केले; ते १९२३ मध्ये अमेरिकेत रंगभूमीवर आले. मूळ नाटक गंभीर, शेवट उदास. शॉने त्याला हसरे वळण देऊन टाकले. शिष्याच्या शब्दाशब्दाला हटकणाऱ्या गुरूने स्वतःची पाळी येताच साऱ्या शेवटाचाच कायापालट केला! मला हा अन्याय वाटतो. मोठ्या लेखकाची मुभा ती प्रतिभा आणि लहानाची ती चूक, हा न्याय कुठला?

तरीही मैत्री तुटली नाही. १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर शॉने त्याची रक्कम स्वीडिश साहित्य इंग्रजीत आणण्यासाठी दिली. अनुवादाचे मोल तो जाणून होता, हे निश्चित. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू कुळातल्या ट्रेबिचला देश सोडावा लागला. घर सुटले, रंगभूमी सुटली. पत्रांचा धागा मात्र शॉच्या अखेरच्या वर्षांपर्यंत टिकला. शॉ १९५० मध्ये गेला, ट्रेबिच १९५६ मध्ये झुरिकला.

ग्रंथाचे एक न्यून मात्र खटकते. त्यात शॉ बोलतो आणि ट्रेबिच ऐकतो. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. इथे ती वाजल्यासारखी वाटते, कारण शॉचा हात जबरदस्त! पण वाचकहो, कान देऊन ऐकले, तर दुसऱ्या हाताचाही आवाज येतो. ज्याला कुणी अर्धशतक इतक्या आपुलकीने रागे भरते, तो केवळ भारवाही हमाल नसतो. परभाषेतले एखादे नाटक पाहून दिवाळीत घरी परताल, तेव्हा जाहिरातीतले ते बारीक अक्षरातले दुसरे नावही एकदा वाचा.