आलोचना आणि ‘ब्लू’

हिंदीत ‘आलोचना’ म्हणजे समीक्षा. बस्तीत आलोचना पाठ म्हणणाऱ्या आपल्याला त्याचा दुसरा अर्थ ठाऊक आहे: आपले दोष आपणच पाहायचे आणि गुरूंपुढे बोलून दाखवायचे. मुलीनं जोनी मिचेलचा ‘ब्लू’ हा अल्बम पहिल्यांदा ऐकवला, तेव्हा मला हाच अर्थ आठवला.

जोनी मूळची कॅनडाची. १९७१ च्या जूनमध्ये ‘ब्लू’ आला तेव्हा ती २७ वर्षांची होती. दहा गाणी, शब्द आणि चाली तिच्याच. वाद्यं अगदी मोजकी: गिटार, पियानो, मांडीवर घेऊन वाजवायचं डल्सिमर. त्यामुळे आवाजाला लपायला जागाच राहत नाही. लहानपणी पोलिओ झाल्यानं तिचा डावा हात अशक्त राहिला होता. म्हणून ती गिटारच्या तारा आपल्या सोयीनं वेगळ्या स्वरांत लावायची. ती गिटार कानाला निराळी लागते, ती त्यामुळेच.

‘रिव्हर’ हे गाणं नाताळचं. सुरुवातीला पियानोवर ‘जिंगल बेल्स’ची चाल येते, पण उदास होऊन. सगळे सणाच्या गडबडीत, आणि हिला मात्र गोठलेल्या नदीवरून दूर निघून जायचंय. पुरणाचा घाट घातलेला असताना मन भलतीकडेच असणं आपल्यालाही नवीन नाही. जिवाभावाचा माणूस दुरावला, पण त्याच्याबद्दल तक्रार नाही. दोष ती स्वतःच्याच स्वभावाला देते.

या अल्बमविषयी बोलताना लोक म्हणतात, तिनं सगळं उघड केलं म्हणून तो मनाला भिडतो. मला ते पटत नाही. ‘लिटल ग्रीन’ ऐका. १९६५ मध्ये, लग्न झालेलं नसताना, तिला मुलगी झाली. हातात पैसा नव्हता, आधार नव्हता. बाळ दत्तक द्यावं लागलं. गाण्यात हे कुठंही सरळ येत नाही. येतात ऋतू, एक हिरवं नाव आणि लेकीसाठी आशीर्वाद. ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकाला तेव्हा हे गाणं दुर्बोध वाटलं होतं. खरी गोष्ट जगाला कळली ती नव्वदच्या दशकात, आणि १९९७ मध्ये मायलेकी भेटल्या.

क्रिस क्रिस्टोफरसन या गायकानं ही गाणी ऐकून तिला सांगितलं होतं, स्वतःसाठी काहीतरी राखून ठेव. मला वाटतं, तिनं ते ठेवलंच होतं. आलोचनाही काही चव्हाट्यावर करत नाहीत. ‘घरातलं घरातच’ हे ऐकत आपण मोठ्या झालो. बोललं तर अब्रू जाते, न बोललं तर जीव कुढतो. खरं बोलूनही आपलं माणूस झाकता येतं, ही तिसरी वाट मला या गाण्यात दिसली.

क्रीट बेटावरच्या दिवसांचं ‘कॅरी’ हे नाचरं गाणं आधी मला इथं उपरं वाटलं होतं. आता वाटतं, ते नसतं तर बाकीच्या गाण्यांचं रडगाणं झालं असतं.

२०१५ मध्ये मेंदूच्या आजारानं तिला पुन्हा चालायला, बोलायला शिकावं लागलं. २०२२ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात, तरुण गायकांच्या साथीनं, ती याच अल्बममधलं ‘अ केस ऑफ यू’ गायली. वरचे सूर गेले होते, आवाज खर्जात उतरला होता. तरी ७८ व्या वर्षी ते गाणं तिला जरासुद्धा तोकडं पडलं नाही.

एखाद्या संध्याकाळी कामं आवरली की एकटीनं ऐकून बघा. इंग्रजी सगळं कळलं नाही तरी चालेल. ‘लिटल ग्रीन’पासून सुरुवात करा.